विसाव्याची जागा

ता. ११ मार्च

प्रिय धाकट्या,

मजेत असशील, असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, नळ करंगळीएवढाच येतो, आणि तुझ्या खोलीच्या खिडकीची फुटकी काच अखेर बदलून घेतली. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस. लिहिलंस तर वाचेन, असं तूच एकदा म्हणाला होतास. आता भोग आपल्या कर्माची फळं.

माझी मोठी बातमी म्हणजे आमचा सायकलवाटांचा नकाशा एकदाचा लोकांसाठी खुला झाला. शहर, भोवतालची गावं, तलावापलीकडचा डोंगराळ भाग, सगळं त्यात आहे. जवळच्या वाटा नव्हेत बरं का, सुखाच्या वाटा. पहिल्यांदा आम्ही चढ, खड्डे, गाड्यांची वर्दळ असं सगळं मोजून नकाशा केला होता. लोकांनी नाकं मुरडली. कागदावर चांगला दिसणारा रस्ता सायकलवर बसलं की नकोसा व्हायचा. मग आमच्या दाढीने कृत्रिम बुद्धिमत्तेचं खूळ काढलं. दाढी म्हणजे आमच्याकडचा प्रोग्रामर. छातीपर्यंत दाढी आहे, त्यामुळे खरं नाव कुणाच्या तोंडातच येत नाही.

त्याची युक्ती साधी होती. हौशी सायकलवाले गोळा केले. त्यांच्या हँडलवर दाब मोजणारी पट्टी बसवली, मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधला, आणि सांगितलं की जा, रोजच्यासारखे हिंडा. माणूस बिचकला की मूठ आवळतो, आणि हे त्याला स्वतःला कळायच्या आधी होतं. सैल मूठ आणि संथ नाडी म्हणजे सुख, असं त्या यंत्राला शिकवलं आणि म्हटलं, आता तूच शोध.

आणि शोधलंन रे त्याने! नवीन गुळगुळीत बाह्यरस्ता तो कुणाला सुचवेचना. आम्ही डोकी खाजवली. शेवटी मी स्वतः जाऊन आले. एका गोदामाच्या भिंतीला पत्रा लावलाय, तो वाऱ्यावर पाठीमागून थडथडतो. दर वेळी वाटतं, ट्रक आला. शंभर माणसांच्या मुठी तिथे आवळल्या होत्या आणि एकालाही कारण सांगता आलं नव्हतं.

आम्ही त्याला ‘वाटाड्या’ म्हणतो. कानात आवाज येतो, तो आमच्या स्वागतकक्षातल्या बाईंचा. एरवी कुणाशी धड बोलत नाहीत, पण ध्वनिमुद्रणात कशा मधाळ झाल्यात! ‘पुढे चढ आहे.’ ‘वळण जपून.’ आणि दमलेल्या माणसासाठी ‘इथे विसावा घ्या.’ नाडी खाली आली नसेल तर मग ‘अजून थोडं थांबा.’

हे सांगायचं कारण असं की गेले काही दिवस आपल्या गल्लीत सायकलवाले येऊ लागलेत. संध्याकाळी, उन्हं उतरली की. आपली गल्ली तुला आठवते ना? एका बाजूला बंद छापखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला आपण आणि ते कुलपातलं घर. इथून कुणाला कुठे जायचं असणार? तरी येतात. आपल्या फाटकापाशी ब्रेक लावतात, डावा पाय शेजारच्या दगडी कट्ट्यावर टेकवतात, जरा वेळ तसेच उभे राहतात. मग निघून जातात.

बाबांना तर आता काहीच दिसत नाही. मागच्या वर्षापासून उजेडही नाही. पण कान असे तयार झालेत की भिंतीवरची पाल ऐकतील. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मोजत असतात. परवा म्हणाले, “सगळे सारखाच श्वास सोडतात. पाय टेकतात आणि श्वास सोडतात.”

मी म्हटलं, दमतात, म्हणून.

“सपाट रस्त्यावर?” मास्तरकी अजून गेलेली नाही.

काल तर ते चाचपडत फाटकाशी जाऊन उभे राहिले. एक तरुण मुलगी थांबली होती. बाबा म्हणाले, “पाणी हवंय का? आत या ना.” ती दचकली. “नको नको,” म्हणाली, “इथेच बरं वाटतंय.” आणि गेली. त्यांनी चौघापाचांना तरी विचारलं असेल. एकही आत येत नाही. बाबा रागावले आणि जेवलेच नाहीत धड.

कार्यालयात विचारते काय भानगड आहे ते. तू तब्येतीला जप. तिकडच्या थंडीत कान बांधत जा, लहानपणापासून तुझे कान दुखतात.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण मिळालं. ‘लोक त्या फाटकापर्यंत येतात आणि आत जात नाहीत, यात नवल ते काय?’ असं लिहिलंयस. आधी राग आला. मग ते कार्ड मी उशाखाली ठेवून झोपले, म्हणजे राग किती टिकला ते समज.

भानगड कळली. तुला सांगायची की नाही, यावर आठवडा घालवला.

दाढीने सगळ्या विसाव्याच्या जागा मोठ्या पडद्यावर काढून दाखवल्या. तलावाचा काठ, जुन्या पुलाखालची सावली, वाचनालयामागचं मैदान. प्रत्येक जागेला वाटाड्याने शांतपणाचा आकडा दिलेला. आणि सगळ्यांच्या वर, बाकी सगळ्यांना मागे टाकून, एक ठिपका. “ही जागा बघ ना,” दाढी म्हणाला, “काय आहे इथे? बाग?”

“आमचं फाटक आहे,” मी म्हटलं.

तो हसला. मग माझ्याकडे पाहून ठिपक्याखालचा पत्ता वाचू लागला.

पहिली स्वयंसेवक आई होती. तुझ्या कानावर आलंच असेल. निवृत्त झाल्यावरही तिची सायकल सुटली नव्हती. उभा जन्म घरोघरी जाऊन पेशंटच्या पट्ट्या बदलल्या, इंजेक्शनं दिली, त्यामुळे या भागातली अशी गल्ली नाही की जिथून ती गेली नसेल. मीच तिच्या हँडलला पट्टी बसवली आणि मनगटावर पट्टा बांधला. “आता काय माझी परीक्षा घेता?” म्हणून हसली होती. दाढी म्हणतो, पहिल्या वर्षीचं वाटाड्याचं निम्मं शिक्षण एकट्या आईने केलं.

तर आई रोज संध्याकाळी घरी येताना फाटकाशी थांबायची. रोज, धाकट्या. मी त्याच घरात राहत होते आणि मला हे कधी दिसलं नाही, कारण मी तिच्यानंतर यायचे. पडद्यावर दिसलं. गावभर हिंडताना तिची मूठ जशी सैल असायची, तशीच गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथे थोडी आवळायची. मग कट्ट्याला पाय टेकून ती उभी राहायची. नाडी हळूहळू उतरायची, मूठ पुन्हा सुटायची. आणि मग फाटक ढकललं की अंगणाच्या त्या चार पावलांत नाडी अशी वर जायची की तेवढी डोंगरावरच्या चढालाही गेलेली नाही.

आत काय वाट पाहत होतं ते तुला माहीत आहे. कुठे होतीस, कुणाकडे, इतका वेळ का, त्या घरात आणखी कोण कोण होतं. हात नाही उगारला कधी त्यांनी. खुर्चीतून उठायचेसुद्धा नाहीत. नुसते प्रश्न. फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखी ती पिशवी हातात धरून उत्तरं द्यायची. डोळे गेल्यावर तर आणखीनच. दिसत नाही म्हणून सगळं सांगून हवं. तू भांडून गेलास. मी म्हणत राहिले की सगळ्याच घरांत थोडंफार असतं. ते असो.

आता दुसरं. हे लिहायला बसले आणि मध्येच उठून कपडे वाळत घातले, मग कपाट आवरलं. पण सांगते.

आईने प्राण सोडला तो घरात नाही. तू आलास त्या दिवशी अंगणातूनच परतलास, कुणाला काही विचारलं नाहीस. बाबा लोकांना ‘घरीच, शांतपणे’ असं सांगत होते, आणि मीही त्यावर बोलले नाही. ती फाटकाबाहेर गेली. मी कामावरून आले तर ती कट्ट्यावर बसलेली, भिंतीला डोकं टेकून. सायकल अंगाला रेललेली, एक हात हँडलवर. मला वाटलं, डुलकी लागली. मी चेष्टेने म्हटलंसुद्धा, “काय गं, फाटकाबाहेर काढलं की काय तुला?”

मनगटावर पट्टा होता. तो मी काढून खणात टाकला आणि विसरले. त्याने आपली सगळी माहिती कधीच कार्यालयात पाठवून दिली होती. ती शेवटची फेरीही वाटाड्याने इतर फेऱ्यांसारखीच शिकून घेतली.

मी ती पाहिली. दाढी म्हणाला, नको बघूस, तरी पाहिली. तुला भीती वाटेल म्हणून नाही, धीर वाटेल म्हणून सांगतेय. कट्ट्यावर बसल्यावर तिची मूठ सैल होत गेली. नाडी उतरत गेली, अगदी सावकाश, कुठे धक्का नाही, कुठे झटका नाही. उतारावरून पायडल न मारता जावं तशी. मग सपाट. किती वेळ तरी सपाट. मी समोर बसून रडले, पण खरं सांगू, खूप दिवसांनी बरं वाटलं. तिला काही त्रास झाला नाही रे. सगळ्या मुलखातली सगळ्यात शांत जागा तिची होती, आणि ती तिथेच गेली.

दाढी म्हणतो, ही फेरी काढून टाकायला हवी. “आपण याला शांत माणूस आणि गेलेला माणूस यातला फरक शिकवलेलाच नाही,” असं म्हणाला. मी म्हटलं, काढू, पण थोडे दिवस राहू दे. लोक येतात, उभे राहतात, त्यांना बरं वाटतं. कुणाचं काय बिघडतंय? माझ्यापुढे त्याचं काही चालत नाही.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते आता कुणाला आत बोलावत नाहीत. संध्याकाळ झाली की खिडकी लावून घेतात. ब्रेक वाजला की खुर्चीचा हात घट्ट धरतात. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, “आज ही जरा जास्त वेळ थांबली.”

‘ही’ कोण, ते मी विचारलं नाही.

तुझी,
ताई


ता. २० एप्रिल

धाकट्या,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितेय. खुशाली वगैरे नंतर.

मागच्या सोमवारी मी कामावरून नेहमीच्या वेळी निघाले. गल्लीत वळले. कट्ट्यावर आई बसली होती. भिंतीला डोकं टेकून, सायकल अंगाला रेललेली, एक हात हँडलवर. मी धावतच निघाले.

मग दिसलं की साडी नाही, पँट आहे, आणि केस आखूड आहेत. कुणी दुसरीच बाई. आईच्या वयाची. जवळ गेले तेव्हा तिच्या कानातून निसटलेल्या त्या बारीक यंत्रातून आमच्या स्वागतकक्षातल्या बाईंचा मधाळ आवाज येत होता. “अजून थोडं थांबा.” मग गप्प. मग परत, “अजून थोडं थांबा.”

तिचे ओठ पांढरे पडले होते. मी खांदा हलवला, डोळे उघडेनात.

आणि आपलं फाटक आतून उघडलं. बाबा. काठी नाही, चप्पल नाही. भिंत चाचपत आले आणि धडपडत त्या बाईसमोर गुडघ्यांवर बसले. तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले, “उठ! उठ आधी! चल आत!” असा आवाज मी त्यांचा जन्मात ऐकलेला नाही. तू ऐकला असतास तर तुलाही तो बाबांचा वाटला नसता. ते तिचे तळवे चोळत होते, गाल थोपटत होते, आणि मला सांगत होते, “डॉक्टरला फोन कर, बघत काय राहिलीस!”

बाईंनी डोळे उघडले. मी एका हाताने डॉक्टरला फोन लावला आणि तो होताच दाढीला. “बंद कर,” म्हटलं. “काय बंद करू?” “सगळं. आत्ताच्या आत्ता.” थोड्या वेळाने त्या यंत्रातला आवाज एका शब्दाच्या मध्येच तुटला.

रुग्णवाहिका येईपर्यंत बाबांनी त्या बाईंना हाताला धरून आत आणलं होतं. त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत त्यांनी कधी पाहुण्यालाही बसू दिलेलं नाही. साखर घालून पाणी द्यायला लावलं, आणि शेजारी उभे राहून सारखं म्हणत होते, “बोलत राहा. काहीही बोला.” बाई चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. हृदय आधीच थोडं कमजोर, गोळ्या चालू. म्हणाल्या, “छातीत भरून आलं होतं, घरी परतणारच होते. पण ते म्हणालं थांबा. आणि मग इतकं छान वाटायला लागलं, की गोळी खिशात आहे हेच विसरले.” दवाखान्यात दोन दिवस होत्या. आता बऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी दाढीने मला समोर बसवून समजावलं. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. दमलेल्या माणसाची नाडी किती उतरली की त्याला जाऊ द्यायचं, हे वाटाड्या त्या त्या जागेवरून शिकतो. आपल्या फाटकाशी शांतपणाची जी खूण त्याने धरली होती, तिथवर जिवंत माणसाची नाडी उतरत नाही. म्हणून तो थांबा म्हणायचा, आणि समाधान झालं असं त्याला कधी वाटायचंच नाही. धडधाकट लोक कंटाळून निघून जायचे. ती बाई गेली नाही. मी ‘थोडे दिवस राहू दे’ म्हटलं होतं, धाकट्या. साहेबांना मी ते तसंच सांगितलं. चौकशी होईल ती होईल.

पण मला तुला सांगायचंय ते निराळंच आहे.

त्या संध्याकाळी रुग्णवाहिका गेल्यावर बाबा अंगणात पायरीवरच बसून राहिले. तळपाय खरचटले होते. मी पाणी आणून ते धुवायला बसले. म्हटलं, “बाबा, तुम्हाला कसं कळलं आत बसून?”

“सायकलची घंटी वाजली,” ते म्हणाले.

“मी नाही ऐकली.”

“तू नव्हतीस तेव्हा. एकदाच. हलकीच.” मी पाय पुसले. मग म्हणाले, “त्या दिवशीही वाजली होती.”

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. नजर नाही त्या चेहऱ्यात, पण मला पाहवेना.

“ब्रेक ऐकला मी,” ते म्हणाले. “रोजच ऐकायचो. मला काय कळत नव्हतं ती बाहेर उभी राहते ते? रोज मनात म्हणायचो, उभी राहा, किती वेळ राहशील, कधीतरी येशीलच आत. त्या दिवशी फार वेळ झाला. मी प्रश्न जुळवत बसलो होतो. मग घंटी वाजली. एकदाच. मला वाटलं, फाटक उघडायला बोलावतेय. म्हटलं, हिला काय हात नाहीत? आणि बसून राहिलो.”

छापखान्याच्या भिंतीवरचं ऊन पार वर सरकलं होतं. मी तांब्या बाजूला ठेवला. त्यांनीच विचारलं, “ती कशी गेली, ते तुझ्या त्या यंत्रात दिसतं म्हणे?”

दाढी एकदा घरी आला होता तेव्हाचं आमचं बोलणं यांनी ऐकलं असणार.

“दिसतं,” मी म्हटलं. “शांतपणे गेली.”

“बरं,” म्हणाले. एवढंच.

काल दाढी ती फेरी पुसणार होता. मी म्हटलं, एकदा मला बघू दे. यावेळी मी वाटाड्याने साफसूफ करून दिलेली रेघ पाहिली नाही. पट्टीने मुळात जे टिपलं होतं ते उघडायला लावलं. वाटाड्या बारीकसारीक खडखड गाळून टाकतो, खड्डे, खडी वगैरे. आणि होतं तिथे. सगळं सैल होत चाललेलं, आणि त्यात अगदी मध्यावर, अंगठ्याच्या जागी एक दाब. लहानसा. घंटीच्या खटक्याशेजारी. त्यानंतरही नाडी बराच वेळ चालू होती. हळू, पण चालू.

वाटाड्याने तेवढं किरकोळ म्हणून गाळलं होतं. बाकी सगळं सुख म्हणून ठेवलं होतं.

बाबांना हे मी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. पण एकटीने वाहणं जमेना, म्हणून तुझ्यावर टाकतेय. तिला शांत वाटलं असेल, नाही असं नाही. पण तिने बोलावलंही होतं. दोन्ही खरं आहे. मी तुला मागच्या पत्रात धीर दिला होता, तो अर्धाच खरा होता.

आणि या वेळच्या घंटीचं मी काय करू? मी त्या बाईंना दवाखान्यात जाऊन विचारलं, तुम्ही घंटी वाजवली होती का? त्या म्हणाल्या, “माझ्या सायकलला घंटीच नाही हो. कधीची तुटली, नवी बसवायची राहिलीच आहे.” घरी येऊन मी त्यांची सायकल पाहिली. अजून आपल्याच अंगणात आहे. खरंच नाही. बाबांना काय ऐकू आलं, ते मला माहीत नाही. आईची सायकल मागच्या पडवीत उलटी टांगलेली आहे, तिच्या घंटीला गंज चढलाय. मी दाबून पाहिली. खटका हलत नाही.

वाटाड्या आता पुन्हा चालू झालाय. आईची ती एक फेरी काढली, बाकीच्या ठेवल्या. आपली गल्ली त्याच्या नकाशावर आता साधी गल्ली आहे, कुणालाही इकडे पाठवत नाही. संध्याकाळी ब्रेक वाजत नाहीत. इतकी शांतता झालीय की मला कामावरून यायला नको वाटतं.

बाबा खुर्चीत बसत नाहीत. त्या दिवसापासून एकदाही बसले नाहीत. दुपार कलली की बाहेर जाऊन कट्ट्यावर बसतात आणि मी येईपर्यंत तिथेच असतात. आधी वाटलं, बसू देत. पण रोज गल्लीत वळताना भिंतीला डोकं टेकलेलं दिसतं आणि मी धावत सुटते. हात लावला की ते म्हणतात, “जागा आहे मी.” “काय करता इथे?” म्हणून विचारलं तर म्हणाले, “कुणी आलं तर मला आतून ऐकायचं नाही.” काल मी शेजारी बसले. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, कुठे होतीस, उशीर का झाला, काहीच नाही. मग अंधार पडायला लागल्यावर म्हणाले, “तो आला तर पहिल्यांदा फाटकाशीच थांबेल. मग मी इथेच असलेलं बरं.”

तू येणार आहेस असं मी त्यांना सांगितलेलं नाही. खोटी आशा मी दाखवत नाही. आणि तुला घरी ये, असंही मी म्हणत नाही. आई जिथे रोज दम गोळा करून मग आत जायची, तिथे तुला कशाला ढकलू? पण फाटकापर्यंत ये. आत यायचं नसेल तर नको येऊस. ते बाहेरच बसलेले असतात.

तुझी,
वाट पाहणारी
ताई